दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: लांबच्या रस्त्याने गेलेलं विमान आधी कसं पोहोचलं? विमानाचं अंतर आणि वेळ समजून घ्या

मोबाईलवर दोन शहरांची नावं टाकली की एका सेकंदात उत्तर येतं: हवाई अंतर इतके किलोमीटर, प्रवासाचा वेळ इतके तास. हे आकडे बघून आपण तिकीट काढतो, घरच्यांना वेळ कळवतो, पुढच्या गाडीचं बुकिंग करतो. पण हे दोन आकडे येतात कुठून? अंतराला वेगाने भागलं की वेळ मिळतो, हे शाळेतलं गणित इथे चालतं का?

पूर्ण चालत नाही, आणि इथेच अनेकांची गडबड होते. कुणी चुकीच्या तारखेला विमानतळावर पोहोचतं, कुणाचं पुढचं विमान सुटतं. म्हणून आज आपण एकच मार्ग घेऊन हा सगळा विषय समजून घेऊया. मार्ग आहे दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. शिक्षणासाठी किंवा आयटीच्या नोकरीसाठी कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच मुलामुलींना हा मार्ग माहीत असेल. चला तर मग सुरू करूया.

ॲपमध्ये दिसणारं अंतर म्हणजे नक्की काय?

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को विमानतळांमधलं हवाई अंतर सुमारे १२,३८० किमी आहे. हा आकडा कुणी विमानात बसून मोजलेला नाही. प्रत्येक विमानतळाचे अक्षांश आणि रेखांश ठरलेले असतात. दिल्लीचा विमानतळ साधारण २८.५७ अंश उत्तर आणि ७७.१० अंश पूर्वेला आहे, तर सॅन फ्रान्सिस्कोचा ३७.६२ अंश उत्तर आणि १२२.३८ अंश पश्चिमेला. वेबसाइट हे चार आकडे एका सूत्रात टाकते. पृथ्वी गोल आहे आणि तिची त्रिज्या ६,३७१ किमी आहे असं धरून हे सूत्र गोलाच्या पृष्ठभागावरचं सगळ्यात कमी अंतर काढून देतं.

या सगळ्यात जवळच्या रेषेला 'ग्रेट सर्कल' मार्ग म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात 'बृहत्‌वृत्त' हा शब्द तुम्ही वाचला असेल, तेच हे.

म्हणजे ॲपमधलं अंतर हे गणिताने काढलेलं किमान अंतर असतं. विमान प्रत्यक्षात त्यापेक्षा कमी उडूच शकत नाही, जास्तच उडतं. किती जास्त, ते पुढे बघू.

नकाशावर सरळ, पण प्रत्यक्षात लांब

आता एक प्रयोग करा. भिंतीवरच्या जगाच्या सपाट नकाशावर दिल्लीपासून पूर्वेकडे सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पट्टीने सरळ रेघ मारा. ही रेघ चीन आणि जपानच्या बाजूने जाऊन पॅसिफिक महासागर ओलांडेल. दिसायला हाच सगळ्यात सरळ रस्ता. पण या रेघेवरून उडालं तर अंतर भरतं जवळपास १५,००० किमी. म्हणजे ग्रेट सर्कलपेक्षा अडीच हजार किमीहून जास्त!

असं का? कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो. आपण नेहमी बघतो त्या मर्केटर पद्धतीच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा मोठा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे १४ पट मोठी आहे. त्याच ताणामुळे उत्तरेकडून जाणारा जवळचा रस्ता नकाशावर मोठ्या कमानीसारखा आणि लांबचा वाटतो.

घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोन शहरांमध्ये एक दोरा ताणून धरा. गोल नसेल तर मोबाईलवर गुगल अर्थ उघडा आणि त्यातल्या अंतर मोजण्याच्या टूलने हीच दोन शहरं जोडा. रेघ दिल्लीहून थेट उत्तरेकडे निघेल. हिमालय, तिबेटच्या पठाराचा पश्चिम भाग, चीनचा शिंजियांग प्रांत, मग सैबेरिया, त्याच्याही वर आर्क्टिक महासागराची कड, मग अलास्का आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याने खाली कॅलिफोर्निया. वाटेत ही रेघ ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर जाते.

मग विमान याच रेघेवरून का जात नाही?

सगळ्यात जवळचा रस्ता माहीत असूनही विमानं तो जशाच्या तसा घेत नाहीत. याची मुख्य कारणं तीन.

पहिलं कारण डोंगर. विमानातल्या हवेचा दाब अचानक कमी झाला तर पायलटला विमान लगेच सुमारे १०,००० फुटांवर, म्हणजे ३,००० मीटरच्या आसपास खाली आणावं लागतं, कारण तिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. डोक्यावरून खाली येणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण १२ ते २० मिनिटांचाच असतो. पण तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच ४,५०० मीटरच्या आसपास आहे. खाली यायचं म्हटलं तर खाली जमीन! म्हणून विमान कंपन्या हा भाग शक्यतो टाळतात किंवा बाहेर पडायचे मार्ग आधी ठरवूनच तिथून जातात.

दुसरं कारण इंजिन. आज लांब पल्ल्याची बहुतेक विमानं दोन इंजिनांची असतात. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एका इंजिनावर ठराविक वेळेत कोणत्या तरी विमानतळावर पोहोचता आलं पाहिजे, असा नियम आहे. त्याला 'इटॉप्स' म्हणतात. ही वेळ विमानाच्या प्रकारावर आणि कंपनीला मिळालेल्या परवानगीवर ठरते, उदाहरणार्थ १८० मिनिटं. त्यामुळे समुद्रावरून किंवा बर्फाळ प्रदेशावरून जातानाही मार्ग असा आखतात की जवळपास कुठे तरी उतरायची सोय राहील. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाकडच्या मगादान शहरात सुखरूप उतरलं. अशी सोय आधीपासून धरलेली असते ती यासाठीच.

तिसरं कारण देशांच्या सीमा. आकाशालाही हद्द असते. प्रत्येक देश आपल्या हवाई हद्दीतून कुणाला जाऊ द्यायचं ते ठरवतो. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने २७ फेब्रुवारीला आपली हवाई हद्द बंद केली, ती पूर्णपणे खुली झाली १६ जुलैला. पहलगाम हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी पुन्हा हद्द बंद केली. उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेकडे जाणारी विमानं मग वळसा घालून जाऊ लागली. काही विमानांना तर इंधन भरण्यासाठी वाटेत व्हिएन्नाला थांबावं लागलं. या काळात अंतर दाखवणाऱ्या वेबसाइटवरचा आकडा मात्र एका किलोमीटरनेही बदलला नाही, कारण अक्षांश-रेखांश तेच राहिले. बदलला तो प्रवासाचा वेळ.

लांबचा रस्ता, पण कमी वेळ

आता येऊया शीर्षकातल्या प्रश्नाकडे. एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली. सुरुवातीला विमान पश्चिमेकडे निघायचं आणि युरोपवरून अटलांटिक ओलांडून अमेरिकेत शिरायचं. हा रस्ता सुमारे १३,९०० किमीचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच उलटी केली. विमान पूर्वेकडे निघालं आणि पॅसिफिक ओलांडून गेलं. हे अंतर सुमारे १५,३०० किमी, म्हणजे आधीपेक्षा १,४०० किमी जास्त. तरी विमान साधारण साडेचौदा तासांत पोहोचलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर!

कसं काय? उत्तर आहे वारा.

जमिनीपासून साधारण ९ ते १२ किमी उंचीवर जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात. त्यांना 'जेट स्ट्रीम' म्हणतात. हे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात जास्त जोर धरतात आणि त्यांचा वेग ताशी २०० किमीच्याही पुढे जाऊ शकतो. प्रवासी विमानंही नेमकी याच उंचीच्या आसपास उडतात.

मोठ्या विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमीच्या आसपास असतो. आता हिशोब बघा:

• मागून ताशी १५० किमीचा वारा असेल तर जमिनीच्या मानाने वेग होतो ९०० + १५० = १,०५० किमी.
• समोरून ताशी १०० किमीचा वारा असेल तर वेग उरतो ९०० − १०० = ८०० किमी.

नदीच्या प्रवाहाबरोबर होडी नेली तर लवकर जाते आणि प्रवाहाविरुद्ध नेली तर वल्ही मारून हात दुखतात, तसंच हे. विमानाचं इंजिन दोन्ही वेळा तेवढंच काम करत असतं. वरचे १५,३०० किमी साडेचौदा तासांनी भागा. सरासरी वेग येतो ताशी सुमारे १,०५५ किमी. म्हणजे वाऱ्याने चांगलाच हात दिला होता.

आणखी एक उदाहरण. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळामुळे अटलांटिकवरचे वारे खूप जोरात होते. तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला फक्त ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी याच प्रवासाला सहा-सात तास लागतात. अंतर तेच, वारा वेगळा.

पृथ्वी फिरते म्हणून विमान लवकर पोहोचतं का?

व्हॉट्सॲपवर हे स्पष्टीकरण बऱ्याचदा फिरत असतं: विमान वर गेलं की खाली पृथ्वी फिरत राहते, म्हणून एका दिशेला वेळ कमी लागतो. हे बरोबर नाही. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किमी वेगाने फिरतो, पण हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरत असते आणि विमान त्या हवेतच उडतं. धावत्या रेल्वेच्या डब्यात तुम्ही उडी मारली तर जागेवरच पडता, मागच्या डब्यात नाही. तसंच हे.

शिवाय पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. हे स्पष्टीकरण खरं असतं तर पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला जास्त वेळ लागला असता. प्रत्यक्षात उलटं होतं. पृथ्वीच्या फिरण्याचा जेट स्ट्रीम तयार होण्यात हात आहे, हे खरं. पण विमानाला पुढे ढकलतो तो वाराच.

तिकिटावरचा वेळ कसा ठरतो?

तिकिटावर लिहिलेला वेळ फक्त उडण्याचा नसतो. गेटवरून विमान मागे ढकलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळाच्या गेटवर थांबेपर्यंतचा तो वेळ असतो. याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उड्डाण, उतरणं आणि परत गेटपर्यंत येणं सगळं येतं. उशीर होऊ नये म्हणून कंपन्या त्यात थोडी जास्तीची मिनिटंही धरतात. म्हणूनच कधी कधी विमान अर्धा तास उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचतं.

ऋतूप्रमाणे वारा बदलतो, त्यामुळे एकाच मार्गाचा उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला ब्लॉक टाइम वेगळा असू शकतो. दोन शहरांमधला जायचा आणि यायचा वेळही सारखा नसतो. तेव्हा तुमच्या तारखेच्या तिकिटावर जो वेळ आहे तोच धरा, मित्राने गेल्या वर्षी सांगितलेला नाही.

निघालो १० तारखेला, पोहोचलो १० तारखेलाच?

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिकिटावर निघण्याची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचायच्या शहरातल्या घड्याळाप्रमाणे. दोन वेळांची सरळ वजाबाकी करू नका.

भारत आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या वेळेत हिवाळ्यात साडेतेरा तासांचा आणि उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक असतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. आपल्याकडे असं काही नाही, म्हणून हा फरक बदलतो.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा विमान १० जानेवारीला पहाटे ४ वाजता दिल्लीहून निघालं आणि प्रवास साडेपंधरा तासांचा आहे.

• पहाटे ४ + साडेपंधरा तास = भारतात संध्याकाळचे साडेसात.
• त्यातून साडेतेरा तास वजा = सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे ६, तारीख १० जानेवारीच!

इतका लांब प्रवास करूनही घड्याळात फक्त दोन तास गेलेले दिसतात. पण येताना हिशोब उलटा होतो. समजा तिथून १० जानेवारीला रात्री ९ वाजता निघालात आणि प्रवास १६ तासांचा आहे. ९ + १६ + साडेतेरा असं केलं की दिल्लीत उतरता १२ जानेवारीला पहाटे अडीच वाजता. तिकिटावर वेळेशेजारी छोटंसं '+२' लिहिलेलं असतं ते यासाठी. हे न पाहता घरचे ११ तारखेला गाडी करून आणायला गेले तर पैसेही गेले आणि रात्रही.

चुका टाळण्यासाठी या गोष्टी तपासा

• मध्यरात्रीनंतरचं विमान: आपल्याकडून परदेशी जाणारी बरीच विमानं रात्री उशिरा सुटतात. तिकिटावर '१० जानेवारी, ००:४५' असेल तर तुम्हाला ९ तारखेच्या रात्री विमानतळावर असायचं आहे. १० तारखेच्या रात्री गेलात तर विमान जाऊन चोवीस तास होत आलेले असतील. कॅलेंडरमध्ये रिमाइंडर ९ तारखेलाच लावा.

• 'नॉन-स्टॉप' आणि 'डायरेक्ट': हे दोन शब्द एकच नाहीत. नॉन-स्टॉप म्हणजे वाटेत कुठेही न उतरता. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, पण विमान मध्ये एखाद्या विमानतळावर थांबू शकतं. शोधताना नॉन-स्टॉपचा फिल्टर लावा.

• एकूण वेळ: गुगल फ्लाइट्ससारख्या ठिकाणी दिसणाऱ्या एकूण वेळात मधला थांबाही धरलेला असतो. २६ तास दिसत असतील तर त्यातले नऊ-दहा तास नुसतं बसण्यातही जाऊ शकतात. तपशील उघडून बघा.

• वेगळी तिकिटं: पुणे किंवा नागपूर ते दिल्ली एक तिकीट आणि पुढचं दुसरं, असं वेगळं बुकिंग केलं असेल तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी सहसा घेत नाही. सामानही बहुतेक वेळा स्वतः घेऊन पुन्हा द्यावं लागतं. शक्यतो सगळा प्रवास एकाच पीएनआरवर ठेवा. नाहीतर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

• राहण्याचं बुकिंग: हॉटेल किंवा हॉस्टेल पोहोचण्याच्या तारखेचं करा, निघण्याच्या तारखेत एक दिवस मिळवून नाही. वरच्या उदाहरणात दोन्ही तारखा एकच होत्या.

• सुटायच्या आधीचा मेसेज: हवाई हद्द किंवा हवामान बदललं की वेळ बदलते. तिकिटावरचा मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच असू द्या, एजंटचा नको. नाहीतर बदललेली वेळ तुम्हाला कळणारच नाही.

विमान नकाशावरून गायब झालं तर?

घरातलं कुणी प्रवासात असलं की आपण फ्लाइटरडार२४ सारखं ॲप उघडून बसतो. विमान आपलं ठिकाण, उंची आणि वेग रेडिओ संदेशातून सतत सांगत असतं. या पद्धतीला 'एडीएस-बी' म्हणतात. जमिनीवरचे रिसीव्हर तो संदेश पकडतात आणि ॲप नकाशावर छोटं विमान दाखवतं.

पण महासागराच्या मध्यावर रिसीव्हर नसतात. तिथे उपग्रहाकडून माहिती मिळाली तर ठीक, नाहीतर ॲप अंदाजाने ठिकाण दाखवतं किंवा विमान काही वेळ दिसेनासं होतं. पॅसिफिकवरून जाणाऱ्या विमानाच्या बाबतीत असं होऊ शकतं. आईबाबांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे मध्यरात्री घर घाबरणार नाही. आणि शोधताना शहराच्या नावाऐवजी फ्लाइट नंबर आणि तारीख टाका, कारण त्या शहराकडे त्या दिवशी अनेक विमानं जात असतात.

थोडक्यात सांगायचं तर

अंतराचा आकडा पृथ्वीच्या आकारावरून येतो, तो बदलत नाही. वेळेचा आकडा वारा, डोंगर, नियम आणि देशांच्या हद्दी यांवरून ठरतो, तो बदलत राहतो. म्हणून प्रवास ठरवताना किलोमीटरवरून अंदाज बांधू नका. तिकिटावरची निघण्याची तारीख, पोहोचण्याची तारीख आणि '+१', '+२' या तीन गोष्टी दोनदा वाचा आणि घरच्यांना पाठवताना वेळ भारताची की तिकडची, तेही लिहा.

ही माहिती उपयोगी वाटली तर परदेशी निघालेल्या मित्रमैत्रिणींना आणि त्यांच्या घरच्यांनाही नक्की पाठवा.